भिडेचे भांडवल

भीड ही चीज कोणत्याही दुकानात मिळत नाही, आणि तरीही तिच्या जोरावर आपल्याकडे जेवढी देवघेव होते तेवढी रोख पैशाच्या जोरावरही होत नसेल. शेजारणीने उभी केलेली भिशी आपण भरतो ती व्याजाचा हिशेब करून नव्हे. मेहुण्याने गळ घातली म्हणून आपण विमा उतरवतो. आयुष्याची अनिश्चितता त्या दिवशी एकाएकी पटलेली असते असे नाही. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण आपल्या आज्यांनी आपल्याला ऐकवली खरी, पण ती ऐकवणाऱ्या आज्यासुद्धा दारात आलेल्या ओळखीच्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवीत नसत. म्हण पाठ असली म्हणून भीड मोडता येते असे थोडेच आहे?

साबण, दंतमंजन, प्रथिनांची भुकटी, झाकणाचे डबे अशा वस्तू घरबसल्या ओळखीपाळखीत विकण्याचा जो धंदा गेली पंचवीस-तीस वर्षे आपल्या गावोगावी आला आहे, त्याबद्दल मला थोडे लिहायचे आहे. त्यातल्या विक्रीबद्दल माझी तक्रार नाही. साबण चांगला असेल तर अंगाला लावावा, महाग वाटला तर ठेवून द्यावा. पण हा धंदा ‘घ्या’ एवढ्यावर थांबत नाही. तो ‘या’ असेही म्हणतो. तुम्ही गिऱ्हाईक व्हा, आणि मग माझ्यासारखे विक्रेते व्हा, आणि तुमच्या ओळखीची आणखी चार माणसे आणा. आपल्या माणसाला असे बोलावणे न्यायाचे आहे काय, आणि असेल तर कोणत्या अटीवर, असा माझा प्रश्न आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला हा विषय जरा कोरडा वाटेल. पण फराळाच्या ताटाबरोबरच हल्ली रंगीत माहितीपत्रके घरोघर फिरतात, तेव्हा विषय अगदीच अवेळी आहे असे मला वाटत नाही.

घरी येऊन विकणे आपल्याला नवे नाही. माझ्या लहानपणी कासार दारात बसून आईच्या आणि मावशीच्या हातांत बांगड्या भरीत असे. गाठोडे सोडून लुगडी दाखवणारा येई, कल्हईवाला येई. बोहारीण तर दुपारच्या शांत वेळी अशी येई की, जुन्या पातळांच्या बदल्यात एक पातेले मिळवताना आईची आणि तिची तासभर जुंपे. त्या घासाघिशीत दोघींनाही आनंद असे आणि कोणालाच कोणाची भीड नसे. मुख्य म्हणजे त्या बोहारणीने माझ्या आईला ‘ताई, तुम्हीही बोहारीण व्हा’ असे कधी म्हटले नाही.

व्यापार आमच्या भोकरदनलाही परका नाही. जुन्या काळी याला भोगवर्धन म्हणत, आणि सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत भोगवर्धनच्या माणसांची नावे आहेत. १९७३ साली इथे उत्खनन झाले तेव्हा एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. इटलीत पाँपेईच्या राखेतून १९३८ साली निघालेल्या हस्तिदंती मूर्तीशी तिचे विलक्षण साम्य आहे. केळना नदीच्या काठची कारागिरी कुठवर पोहोचली असेल याची कल्पना करावी. त्या पाँपेईच्या गृहस्थाने आपली मूर्ती घेतली असेल ती आवडली म्हणून. ती घडवणाऱ्या कारागिराची मामेबहीण त्याच्या शेजारी राहत होती म्हणून नव्हे.

ओळखीचे घर हाच बाजार करायची युक्ती अमेरिकेत पक्की झाली. टपरवेअरचे डबे दुकानात खपत नव्हते. झाकण कसे दाबायचे हे कोणीतरी दाखवावे लागे. ब्राउनी वाइज नावाची एकटीने मुलगा वाढवणारी बाई ते घरगुती मेळाव्यांत भराभर विकत होती. १९५१ साली कंपनीने तिलाच या विक्रीचे प्रमुख केले आणि दुकानांतून माल काढून घेतला. यजमानीण शेजारणींना चहा-फराळाला बोलावी, आणि फराळ झाला की डबे निघत. १९५४ साली ‘बिझनेस वीक’ या व्यापारी साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तिचे चित्र आले. असा मान मिळालेली ती पहिली स्त्री. पुढे १९५८ साली कंपनीनेच तिला काढून टाकले, आणि २०२४ साली खुद्द टपरवेअर कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला, हे त्या कथेचे उत्तरकांड. आपल्याकडे टपरवेअर १९९६ साली आले, अॅमवेचा कारभार १९९८ साली सुरू झाला, आणि मग आणखी कितीतरी आल्या.

या कंपन्यांना आपल्याकडे मेळावे नव्याने शिकवावे लागले नाहीत. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू असतेच. पण हळदीकुंकवात वाण लुटायचे असते. जी बोलावते ती देते, आणि जी येते ती ओटी भरून घरी जाते. त्याच सतरंजीवर त्याच बायकांपुढे जेव्हा किमतीचा कागद फिरू लागतो, तेव्हा बोलावणे तेच राहते आणि देणारी-घेणारी यांच्या जागा मात्र गुपचूप बदलतात. मला खटकते ते हे गुपचूपपण.

गेल्या श्रावणात माझी एक जुनी विद्यार्थिनी माझ्याकडे आली. तिचा नवरा जालन्याला लोखंडी सळयांच्या कारखान्यात कामाला आहे आणि आठवड्यातून एकदा घरी येतो. दोन लहान मुले, घरात सासू, आणि एक शिलाई मशीन. मुलगी हुशार. वर्गात तिचे अक्षर मी इतरांना दाखवीत असे. त्याच अक्षरात लिहिलेली एक शंभरपानी वही तिने माझ्यापुढे ठेवली. एका मोठ्या मेळाव्यात तिला सांगण्यात आले होते की, घरी जाऊन ओळखीच्या शंभर माणसांची नावे लिहा. कोणाला वगळू नका, कोण येईल आणि कोण नाही हे तुम्ही ठरवू नका. शंभर नावे ही तुमची दौलत आहे.

मी ती वही चाळली. पहिले नाव तिच्या आईचे होते आणि त्यापुढे बरोबरची खूण होती. आई विधवा, निराधार योजनेचे पैसे येतात त्यावर राहते. त्या पैशांतून तिने दंतमंजन आणि दोन साबण घेतले होते. मग मावशी, नणंद, जाऊ, गल्लीतल्या बायका, आशाताई, बाळंतपण करणारी नर्स, पिठाच्या गिरणीवाल्याची बायको. माझे नाव सदतिसावे होते, आणि त्यापुढे कंसात लिहिले होते, ‘ओळखी भरपूर’.

मला राग आला नाही, हसू मात्र आले. वीस-बावीस वर्षे शिकवून माणसाबद्दल एका वाक्यात काय लिहितात ते कळायला अशी वही वाचावी लागते. परंतु नंतर रात्री मी त्या दोन शब्दांचा विचार करीत राहिले. त्यांत खोटे काहीच नव्हते. माझ्या खरोखरच भरपूर ओळखी आहेत. तालुक्यातल्या निम्म्या घरांत माझ्या हाताखालून गेलेले एखादे मूल आहे. बाईंनी सांगितले म्हणून त्या घरांतली माणसे ऐकतील, हा तिचा हिशेब अचूक होता. फक्त ती ओळख मी जमवली कशासाठी आणि ती वापरायची कशासाठी, या दोन गोष्टींमध्ये एक पाऊल होते, आणि त्या वहीने ते पाऊल सहज ओलांडले होते. कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ साली एका पुस्तकात असे मांडले की, माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. कांट मी मराठीतून, तोही दुसऱ्यांनी सांगितलेला वाचला आहे. पण त्यातला ‘केवळ’ हा शब्द फार कामाचा आहे असे मला वाटते. एकमेकांना वापरल्याशिवाय जग चालत नाही. मी शिंप्याला वापरते, शिंपी मला वापरतो. प्रश्न एवढाच की, समोरच्याला आपण वापरले जात आहोत हे ठाऊक आहे का, आणि नको असेल तर ‘नको’ म्हणायला त्याला जागा ठेवली आहे का.

त्या मेळाव्यात तिला आणखी दोन गोष्टी शिकवल्या होत्या, आणि त्या दोन्ही या जागेशीच संबंधित आहेत. पहिली अशी की, फोनवर कशाबद्दल ते सांगायचे नाही. ‘एक चांगली गोष्ट आहे, चहाला या’ एवढेच म्हणायचे. दुसरी अशी की, जो नाही म्हणेल तो ‘नकारात्मक’ माणूस समजायचा आणि त्याच्या बोलण्याने खचायचे नाही. हा ‘नकारात्मक’ शब्द ऐकून मी चकित झाले. नकार ही आजवर माणसाची एक क्रिया होती. कोणीतरी ती त्याच्या स्वभावातला दोष करून टाकली. गणित पाहून, पैसे मोजून, घरची अडचण ओळखून जी बाई ‘मला जमणार नाही’ म्हणते, ती शहाणी की रोगट? आणि ‘चहाला या’ म्हणून बोलावले की नकार द्यायची वेळच अशी येते की, तोवर कप हातात आलेला असतो. दुसऱ्याच्या घरचा चहा पिता पिता नाही म्हणणे किती कठीण, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

गणिताची गोष्ट निघाली म्हणून सांगते. सातवीला घातांक शिकवताना मी हेच उदाहरण कंपनीचे नाव न घेता फळ्यावर घातले. एकीने सहा जणी आणायच्या, त्या प्रत्येकीने पुन्हा सहा. सहा, छत्तीस, २१६, १,२९६, ७,७७६, ४६,६५६, २,७९,९३६, आणि आठव्या पायरीला १६,७९,६१६. या आठ पायऱ्यांची बेरीज २०,१५,५३८ होते. २०११ च्या जनगणनेत आमच्या साऱ्या जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९,५९,०४६ होती. म्हणजे आठव्या पायरीवर जिल्हा संपला. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, “बाई, तान्ही पोरं धरून का?” मी म्हटले, हो, तान्ही धरून. वर्ग हसला. पण या गणितातली खरी बोचणारी गोष्ट जिल्हा संपतो ही नव्हे, कारण एवढ्या दूरवर कोणतीही साखळी जात नाही. ती अलीकडेच कुठेतरी तुटते. ती कुठेही तुटो, शेवटच्या पायरीवर उभ्या असलेल्यांची संख्या एकूण सहांतली पाच इतकी भरते. त्या पाच जणींच्या खाली कोणी नसते. याला नशीब, मेहनत, चिकाटी यांतले काहीही कारण नाही. सहाच्या घातांकाचा तो स्वभाव आहे. मेळाव्यात व्यासपीठावर जी मोटारीची गोष्ट सांगते ती खरेच सांगत असेल. तिच्या मोटारीखालच्या पायऱ्या मात्र ती मोजून दाखवीत नाही.

कायद्याला हे ठाऊक नाही असे नाही. नुसती माणसे जोडून पैसे फिरवण्याच्या योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे, आणि २०२१ च्या डिसेंबरात ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे जे नियम झाले त्यांत अशा मनोऱ्याच्या योजना निषिद्ध ठरवल्या आहेत. त्याच नियमांत असेही आहे की, विक्रेत्याने सुरुवातीलाच आपण कोण, कोणत्या कंपनीचे आणि कशासाठी आलो ते स्पष्ट सांगावे, आणि आधी विचारल्याशिवाय कोणाच्या घरी जाऊ नये. हा नियम वाचून मला बरे वाटले. ‘चहाला या’ची युक्ती सरकारलाही कळलेली दिसते! पण कायदा फसवणूक पकडील; भीड पकडायला त्याच्याजवळ चिमटा नाही. माल खरा, भाव छापलेला, कंपनी नोंदलेली, आणि तरीही आईने निराधाराच्या पैशांतून साबण घेतलेला. यात गुन्हा कोणाचा?

इथे मला लिज्जत पापडाची आठवण होते. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पुड्या झाल्या. त्यांतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. तोही घरबसल्या करण्याचा धंदा, तोही शिक्षण आणि भांडवल नसलेल्या बायकांचा, आणि तोही एकीने दुसरीला हाक मारूनच वाढला. सकाळी केंद्रावरून पीठ न्यायचे, घरी लाटून वाळवून परत आणायचे, वजन करून वणाई घ्यायची. पण तिथे नव्या बहिणीला घेऊन येणाऱ्या जुन्या बहिणीला तिच्या लाटण्यातला वाटा मिळत नाही. शेजारीण आली तर तिचे भले आणि संस्थेचे भले. आणणारीच्या पदरात वेगळे काही पडत नाही. म्हणून ‘चल गं, तूही ये’ या तिच्या शब्दांवर विश्वास ठेवायला अडचण नाही. सल्ला देणाऱ्याला सल्ल्याचे पैसे मिळत असतील तर सल्ला खोटाच असतो असे मी म्हणत नाही. ऐकणाऱ्याला ते पैसे ठाऊक हवेत, इतकेच.

हे सगळे मी त्या मुलीला सांगितले नाही. मी तिला सांगितले की, मी यात येणार नाही आणि नावेही देणार नाही. तिच्याकडून भांडी घासायच्या साबणाची एक वडी मी रोख पैसे देऊन घेतली, कारण घरातली संपली होती. ती गप्प झाली. मग म्हणाली, “बाई, अनोळखी माणूस मला दारातसुद्धा उभं करत नाही. ओळखीच्याकडं जायचं नाही तर मग मी जायचं तरी कुठं?”

या प्रश्नापुढे माझा सगळा कांट थंड पडला. पगारदार माणसाला नीतीचा विचार सुचतो. ज्याच्या हाती शिलाई मशीन आणि शंभर नावे एवढेच आहे, त्याने त्यांतली नावे बाजूला ठेवावीत असे मी कोणत्या तोंडाने सांगू? श्रीमंताचा मुलगा धंदा काढतो तेव्हा बापाची ओळख, मामाची शिफारस, जावयाचा हुद्दा हे सारे वापरतोच. त्याला आपण ‘घराण्याची पुण्याई’ म्हणतो. गरीब बाईने ओळख वापरली की ती भीड होते. दिवाळी अंकाचे संपादकसुद्धा गणपतीपासून जाहिराती मागत हिंडतात, आणि त्या जाहिराती देणारे दुकानदार साहित्याच्या प्रेमाने देतात असा माझा समज नाही. तेव्हा तिने ओळखीच्याकडे जाऊ नये, असे मी म्हणूच शकत नाही. तिने जावे. फक्त शिवलेला परकर घेऊन जाणे आणि ती वही घेऊन जाणे, यांत मला फरक दिसतो. परकर नको झाला तर शेजारीण ‘नको’ म्हणते आणि विषय संपतो. वहीत नाव आले की ‘नको’ म्हटल्यावरही नाव उरतेच.

आणि तिला उत्तर देताना मला चाचरायला लावणारे एक कारण माझ्या नोकरीतही आहे. शाळेचा पट कमी झाला की संचमान्यतेत शिक्षकाचे पद जाते, आणि ज्याचे पद जाते तो ‘अतिरिक्त’ ठरून भलत्याच गावी समायोजनाला जातो. म्हणून परीक्षा संपल्यावर, ऐन मे महिन्याच्या उन्हात, आम्ही शिक्षक मुले शोधायला घरोघर हिंडतो. डोक्यावर पदर किंवा रुमाल, पिशवीत प्रवेशाचे अर्ज. हल्ली एकाच गल्लीत तीन शाळांचे शिक्षक एकमेकांना ओलांडून जातात आणि नजर चुकवतात. आता माझ्या हातातली अर्जांची पिशवी आणि तिच्या हातातली वही यांत काय अंतर आहे, हे मला स्वतःला विचारणे भाग होते. मूल शाळेत यावे हे चांगलेच. पण ते माझ्या शाळेत यावे यात माझे पोट आहे. घरातल्या बाईला वाटते, बाई आपल्या दारात चालत आल्या, आता नाही कसे म्हणायचे? ती भीड मला उपयोगी पडते, हे मला न कळण्याइतकी मी भोळी नाही.

मी मनाशी काही गोष्टी पाळते. शेजारच्या वस्तीवर जिल्हा परिषदेची शाळा असेल आणि मूल लहान असेल, तर ती शाळा जवळ आहे हे मी आधी सांगते. धाकट्याला शाळेत घालण्यासाठी थोरलीला घरी बसवायचा बेत दिसला, तर माझा अर्ज बाहेर काढीत नाही, त्या थोरलीचाच विषय काढते. सहकाऱ्यांना हे वेडेपण वाटते. एकजण मला म्हणाले, तुम्ही दुसऱ्या शाळेच्या जाहिरातीला निघता का? त्यांचेही चूक नाही. त्यांच्या घरी दोन मुली कॉलेजात आहेत आणि पद त्यांचेच धोक्यात आहे. पट भरला नाही तर माझ्या नीतीची किंमत त्यांना मोजावी लागेल, आणि याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

ती मुलगी अजून तो धंदा करते आहे. ब्लाउज शिवायला मी तिच्याकडेच टाकते. माझ्या नावापुढे तिने फुली मारली की काय ते मी विचारले नाही, तिने सांगितले नाही.

मे महिन्यात मात्र मी कोणाच्याही घरी गेले की उंबऱ्याबाहेर चपला काढायच्या आधीच सांगते, “शाळेसाठी मुलं मागायला आले आहे. तुम्हाला दुसरीकडं घालायचं असलं तर खुशाल घाला. तसं सांगितलंत तर मी पुढच्या घरी जाईन.” बहुतेक घरांतून आत बोलावतात आणि चहा ठेवतात. काही घरांतून ठेवीत नाहीत, आणि उन्हाचे तिथून पुढे चालावे लागते.